इशिउची मियाको यांची छायाचित्र-पुस्तकं जमवताना: पहिल्या प्रतीपासून पावसाळ्यातल्या कपाटापर्यंत

आपल्याकडे फोटोबुक म्हटलं की लग्नाचा जाडजूड अल्बम आठवतो. इथे विषय वेगळा आहे. जपानमध्ये छायाचित्रकाराचं काम पुस्तकात पूर्ण होतं, असं मानण्याची जुनी रीत आहे. कोणत्या चित्रापुढे कोणतं यावं, कागद कुठला, काळी शाई किती गडद, हे सगळं मिळून ती एक वस्तू बनते. त्यामुळे १९७०च्या दशकातली पातळशी जपानी पुस्तकंही आज जगभरचे संग्राहक शोधत असतात.

नवशिक्याने एकदम 'जपानी फोटोग्राफी' जमवायला घेतली की पैसे भलतीकडे जातात. एक छायाचित्रकार धरावा आणि त्याच्या पुस्तकांवर हात बसवावा. त्यासाठी इशिउची मियाको या जपानी छायाचित्रकार बाईंचं नाव फार सोयीचं आहे. कारकीर्द लांब आहे, पुस्तकांचे टप्पे स्पष्ट आहेत, काही पुस्तकं खिशाला परवडणारी तर काही दुर्मीळ आहेत, आणि नवख्या माणसाचा गोंधळ उडेल अशा सगळ्या जागा या एकाच यादीत भेटतात.

पायरी १: आधी कारकीर्द, मग बाजार

कोणतं पुस्तक कुठल्या काळातलं हे डोक्यात नसेल तर विक्रेत्याच्या वर्णनातली चूक पकडता येत नाही. म्हणून एवढं पाठ असू द्या.

जन्म १९४७, गुन्मा प्रांतातल्या किर्यू या रेशीम विणणाऱ्या गावातला. बालपण योकोसुकात गेलं. अमेरिकी नौदलाचा तळ असलेलं हे बंदर तिच्या कामात पुन्हा पुन्हा येतं. तामा कला विद्यापीठात तिने विणकाम शिकलं, पण पदवी न घेता बाहेर पडली. 'इशिउची मियाको' हे तिच्या आईचं माहेरचं नाव आहे, आणि तेच घेऊन ती १९७०च्या दशकाच्या मध्यात छायाचित्रणात उतरली. छायाचित्रणाचं रीतसर शिक्षण नव्हतं. डार्करूममधली रसायनं आणि पाणी तिला कापड रंगवण्याच्या जवळचे वाटले. सुरुवातीच्या कृष्णधवल चित्रांतले ते मोठाले, खरबरीत कण तिथून आले आहेत. हे कण नीट लक्षात ठेवा, प्रत खरी की नक्कल हे ठरवताना पुढे उपयोगी पडतील.

१९७७ मध्ये तोक्योच्या गिन्झा भागातल्या निकॉन सलोनमध्ये योकोसुकाच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. त्यानंतर तीन पुस्तकं आली: 'अपार्टमेंट' (१९७८), 'झेश्शो, योकोसुका स्टोरी' (१९७९) आणि 'रेन्या नो माची' (१९८१). पहिली दोन शाशिन त्सूशिन्शा या प्रकाशनाची, तिसरं आसाही सोनोरामाचं. 'अपार्टमेंट'मध्ये जुन्या दाटीवाटीच्या इमारतींतल्या खोल्या, जिने आणि पापुद्रे सुटलेल्या भिंती आहेत. 'रेन्या नो माची'मध्ये एकेकाळच्या वेश्यावस्त्यांमधल्या इमारती आहेत. 'अपार्टमेंट'साठी तिला १९७९ मध्ये चौथा किमुरा इहेइ पुरस्कार मिळाला. जपानी छायाचित्रणातला हा मानाचा पुरस्कार त्याआधी एकाही स्त्रीला मिळालेला नव्हता.

पुढे इमारतींवरून नजर माणसाच्या कातडीवर आली. १९९० चं '१·९·४·७' हे तिच्याच वर्षी जन्मलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या हातापायांचं पुस्तक आहे. त्यानंतर शरीरावरच्या व्रणांची मालिका आली. १९९६ ते २००० या काळात छायाचित्रकार नाराहाशी आसाको यांच्यासोबत तिने 'मेन' नावाचं छोटं नियतकालिकही काढलं. त्याचे दहा अंक निघाले. संग्राहकांचं सहसा तिकडे लक्ष जात नाही, म्हणून ते शोधण्यात मजा आहे.

आई २००० साली गेली. मागे राहिलेल्या वस्तूंची, म्हणजे अर्ध्या वापरलेल्या लिपस्टिक, अंतर्वस्त्रं, केस अडकलेला कंगवा यांची चित्रं म्हणजे 'मदर्स'. २००५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात हेच काम होतं. २००७ पासून तिने हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयात जपून ठेवलेले, अणुबाँबच्या बळींचे कपडे रंगीत फिल्मवर टिपायला घेतले, आणि २००८ मध्ये शूएइशाने 'हिरोशिमा' काढलं. २०१२ मध्ये मेक्सिकोत चित्रकार फ्रीदा काहलोच्या निळ्या घरातले कपडे आणि औषधं टिपली. २०१४ मध्ये छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. तिच्याआधी तो हामाया हिरोशी आणि सुगिमोतो हिरोशी या दोनच जपानी छायाचित्रकारांना मिळाला होता. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं, २०१७ मध्ये योकोहामा कला संग्रहालयात.

पायरी २: विकत घेण्याचा क्रम

दुर्मीळ पुस्तकापासून सुरुवात करू नका. 'अपार्टमेंट'ची मूळ प्रत हे पहिलं पुस्तक असेल तर ताडून पाहायला हाताशी काहीच नसतं.

पहिलं घ्यायचं ते योकोहामाच्या २०१७ च्या प्रदर्शनाचं, क्यूर्यूदोने छापलेलं 'किमे तो शाशिन' हे सूचीपुस्तक. 'किमे' म्हणजे कातडीचा किंवा लाकडाचा पोत. सगळ्या मालिका एका जागी असल्याने पुढच्या प्रत्येक खरेदीत हेच संदर्भाला उघडावं लागतं. दुसरं शूएइशाचं 'हिरोशिमा'. तिसरं 'मदर्स', इथे जरा थांबा, कारण या नावाची दोन पुस्तकं बाजारात आहेत. एक सोक्यूशाचं २००२ चं, दुसरं तान्कोशाचं २००५ चं, व्हेनिसच्या निमित्ताने निघालेलं. विक्रेते वर्णनात दोन्हींची सरमिसळ करतात. प्रकाशक आणि वर्ष या दोन्ही गोष्टी विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.

योकोसुकाची चित्रं हवीत पण १९७९ ची प्रत परवडत नाही, अशांसाठी न्यूयॉर्कच्या पीपीपी एडिशन्सचं २०१० चं 'स्वीट होम योकोसुका' आहे. ते मुळात इंग्रजी वाचकासाठी निघालेलं वेगळं पुस्तक आहे. कोणी त्याला 'पुनर्मुद्रण' म्हणून मूळ पुस्तकाच्या किमतीत विकायला लागला तर बाजूला व्हा.

सुरुवातीची तीन पुस्तकं सर्वांत शेवटी. तोवर किमान दहा-बारा जपानी पुस्तकं हाताळून झालेली असावीत.

पायरी ३: शोध कसा घ्यायचा

इथे भाषेचा अडथळा असतो आणि नेमका तिथेच फायदाही असतो. इंग्रजी नावाने शोधलं की परदेशी विक्रेते सापडतात. जपानी लिपीत शोधलं की जपानी दुकानं सापडतात, आणि तीच प्रत तिथे बऱ्याचदा स्वस्त असते. तिच्या नावात तीन चिनी चित्राक्षरं आहेत, दोन आडनावाची आणि एक नावाची. एखाद्या संग्रहालयाच्या जपानी पानावरून ती उचलून फोनमधल्या टिपणात ठेवा आणि प्रत्येक वेळी तिथूनच चिकटवा. जपानी पद्धतीत आडनाव आधी येतं. इंग्रजी याद्यांत कधी 'मियाको इशिउची' असतं तर कधी उलट, म्हणून दोन्ही क्रमांनी शोधा.

नुसतं 'योकोसुका स्टोरी' टाकलंत तर गायिका यामागुची मोमोए यांच्या १९७६ च्या गाजलेल्या गाण्याच्या तबकड्यांचा ढीग समोर येईल. पुस्तकाचं नाव त्या गाण्यावरूनच घेतलेलं आहे. शोधात छायाचित्रकाराचं आडनाव जोडलं की ढीग नाहीसा होतो.

'हिरोशिमा'चा घोळ आणखी नाजूक आहे. याच नावाची बरीच जपानी पुस्तकं आहेत. छायाचित्रकार दोमोन केन यांच्या १९५८ च्या प्रसिद्ध पुस्तकाचं नाव काताकाना या कोनदार जपानी लिपीत लिहिलेलं आहे. इशिउचींनी मात्र हेच नाव हिरागाना या गोलसर वळणाच्या दुसऱ्या जपानी लिपीत लिहिलं, आणि ती निवड सहज झालेली नाही: हिरागाना ही पूर्वी बायकांची लिपी मानली जायची. तेव्हा मुखपृष्ठाच्या फोटोत चार अक्षरं दिसली की वळण बघा. टोकदार, सुट्या रेघांची असतील तर पुस्तक दुसऱ्याचं. वाहत्या, गोलाईच्या रेघा असतील तर पुढे चौकशी करा. शहराचं नाव चित्राक्षरांत असेल तर दोनच अक्षरं दिसतात, तेही आपलं पुस्तक नव्हे. आणि २०१४ चं क्यूर्यूदोचं 'फ्रॉम हिरोशिमा' हे इशिउचींचंच असलं तरी स्वतंत्र पुस्तक आहे.

कुठे शोधायचं? जपानच्या जुन्या पुस्तक-विक्रेत्यांच्या संघटनेचं 'निहोन नो फुरुहोन्या' हे संकेतस्थळ सर्वांत भरवशाचं. तिथे दुकानदार व्यावसायिक असतात आणि दोष लिहून सांगतात. लिलावाच्या स्थळांवर भाव कमी दिसतो, पण तिथे विकणारा बहुतेक वेळा घर आवरणारा माणूस असतो. जुन्या पुस्तकांच्या धंद्यातली भाषा त्याला येत नाही, तो फक्त फोटो टाकतो.

तोक्योत कुणी नातेवाईक असेल तर जिम्बोचोला पाठवा. निशि-कासाइ भागात बरीच मराठी कुटुंबं राहतात. तिथून मेट्रोच्या तोझाइ मार्गाने कुदान्शितापर्यंत यायचं आणि तिथून एकच स्थानक, किंवा सरळ चालत. जिम्बोचोत जुन्या पुस्तकांची शंभरावर दुकानं आहेत, पण रविवारी त्यातली बरीच बंद असतात, शनिवार बरा. दुकानं मुख्य रस्त्याच्या दक्षिण बाजूला उत्तरेकडे तोंड करून उभी आहेत, म्हणजे उन्हाने पुस्तकं करपत नाहीत. विकत घेण्याआधी नुसतं बघायचं असेल तर एबिसूच्या तोक्यो छायाचित्र कला संग्रहालयाचं ग्रंथालय आहे. तिथे जुनी पुस्तकं मागवून बसून पाहता येतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. मूळ प्रत एकदा डोळ्यांखालून गेली की नंतर फसवणं अवघड होतं.

पायरी ४: 'ओकुझुके' वाचा, जपानी येत नसलं तरी

या लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा.

जपानी पुस्तकाची सगळी जन्मकुंडली शेवटच्या पानावर असते. त्या पानाला ओकुझुके म्हणतात. लेखक, प्रकाशक, मुद्रक, तारीख, आवृत्ती सगळं तिथे. विक्रेत्याकडे पहिली मागणी या पानाच्या स्पष्ट फोटोची करायची. 'फोटो नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच पाठवावेत.

तारीख अनेकदा सम्राटाच्या शकात असते. हिशेब सोपा आहे: शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवा, हेइसेइच्या आकड्यात १९८८, रेइवाच्या आकड्यात २०१८. म्हणजे शोवा ५३ हे १९७८, शोवा ५४ हे १९७९ आणि हेइसेइ १४ हे २००२.

आकडे चिनी पद्धतीने लिहिले असतील तर एकसाठी एक आडवी रेघ, दोनसाठी दोन आणि तीनसाठी तीन रेघा असतात, आणि दहा म्हणजे अधिक चिन्हासारखी फुली. पहिल्या आवृत्तीला 'शोहान' म्हणतात आणि पहिल्या छपाईला 'दाइ-इस्सात्सु', म्हणून छपाईच्या आकड्याच्या जागी एकच आडवी रेघ किंवा साधा १ दिसायला हवा. आवृत्ती आणि छपाई यांत गल्लत करू नका. एकाच आवृत्तीच्या पाच छपाया होऊ शकतात, आणि संग्राहक पैसे मोजतो ते पहिल्या छपाईसाठी. पान बारकाईने बघा. वरच्या ओळीत पहिल्या आवृत्तीची तारीख आणि खाली दुसऱ्या छपाईची तारीख असेल तर हातातली प्रत दुसऱ्या छपाईची. विक्रेते वरची ओळ दाखवतात आणि खालची चौकटीबाहेर ठेवतात. म्हणून पान पूर्ण दिसायला हवं, चारही कडांसकट.

ओकुझुके धूसर असेल तर मागचं वेष्टण तपासा. जपानमध्ये आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) १९८० च्या दशकात रुळला, त्यामुळे १९७८-७९ च्या पुस्तकावर तो नसणंच बरोबर. जपानी पुस्तकांच्या पाठीवर दिसणारी एकाखाली एक अशी बारकोडची जोडी त्याहूनही नंतरची आहे. आयएसबीएन जानेवारी २००७ पासून १३ आकडी झाला. २००२ च्या 'मदर्स'वर (बारकोडखाली नव्हे, तर) 'ISBN' या अक्षरांपुढे १३ आकडे छापलेले दिसले तर ती प्रत २००२ मध्ये छापलेली नाही, मग वर्णनात काहीही लिहिलेलं असो. जपानमधला विक्रीकर एप्रिल १९८९ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झाला, १९९७ मध्ये ५ टक्के झाला, २०१४ मध्ये ८ टक्के आणि २०१९ मध्ये १० टक्के. छापील किमतीपुढे कराचा उल्लेख असेल तर ते वेष्टण १९८९ नंतरचं. जुन्या पुस्तकावर नवं वेष्टण चढवलेलं असं उघडं पडतं.

आता भिंग. दहापट मोठं दाखवणारं दागिनेवाल्याचं भिंग पुरतं. छापील चित्रात ठिपक्यांची शिस्तीत मांडलेली जाळी दिसते. फिल्मचे कण मात्र वेडेवाकडे विखुरलेले असतात. इशिउचींच्या सुरुवातीच्या चित्रांत हे कण मोठे असल्याने खऱ्या प्रतीत जाळीच्या आत कणांचं खरबरीतपण टिकलेलं दिसतं. छापील पानावरूनच पुन्हा स्कॅन करून काढलेल्या नकलेत दोन जाळ्या एकमेकींवर बसतात, आणि राखाडी भागात लहरींसारखे पट्टे उमटतात. काळा रंगही मातकट होतो.

पायरी ५: प्रतीची अवस्था सांगणारे शब्द

जपानी विक्रेत्यांचे शब्द ठरलेले आहेत. भाषांतराचं ॲप त्यांचे विचित्र अर्थ लावतं, म्हणून मूळ शब्दच ओळखा.

'ओबी' म्हणजे वेष्टणावर खालच्या बाजूला गुंडाळलेली कागदी पट्टी. ती जाहिरातीसाठी असते, लोक फेकून देत, त्यामुळे ती शाबूत असलेली प्रत महाग. जुन्या पुस्तकाला ओबी नसणं हा गुन्हा नाही, पण भाव त्याप्रमाणे उतरायला हवा. 'काबा' म्हणजे सुटं वेष्टण, 'हाको' म्हणजे पुस्तक सरकवायची पेटी. 'याके' म्हणजे उजेडाने पडलेला पिवळेपणा किंवा विटलेला रंग. कण्यावर असेल तर चालतं, पानांच्या आत असेल तर किंमत पाडून मागा. 'शिमि' म्हणजे तपकिरी डाग, दमटपणाची खूण. 'सुरे' घासल्याच्या खुणा, 'ओरे' दुमड. 'साइन-इरि' म्हणजे सहीची प्रत. 'बिहिन' म्हणजे छान प्रत, पण हे विक्रेत्याचं मत आहे आणि ते ज्याच्या त्याच्या हातात. 'नान आरि' दिसलं तर दोष आहेत एवढंच कळतं, कुठले ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

यातले धोक्याचे दोष दोन. पहिला 'शिमि', कारण तो थांबत नाही. डाग पडलेली प्रत मुंबईच्या हवेत आली की दोन पावसाळ्यांत डाग पसरतात. दुसरा वास. फोटोत तो दिसत नाही, वर्णनात क्वचितच लिहितात. सिगारेटचा आणि बुरशीचा वास आहे का, हे थेट विचारा. बुरशीची प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नये, ती कपाटातल्या बाकीच्या पुस्तकांना धरते.

सहीचं म्हणाल तर इशिउचींच्या सहीच्या प्रती तशा दुर्मीळ नाहीत, म्हणून नुसत्या सहीसाठी दुप्पट पैसे देऊ नका. ओसाकाची थर्ड गॅलरी आया ही गॅलरी अनेक वर्षं तिचं काम दाखवत आली आहे. अशा ठिकाणाहून आलेल्या सहीवर जास्त भरवसा ठेवता येतो. कुणाच्या नावाने लिहून दिलेली प्रत स्वस्त असते. वाचायला घेत असाल तर तीच उचला.

गंमत अशी की ज्या बाईने आयुष्यभर सुरकुत्या, व्रण आणि विरलेलं कापड टिपलं, तिच्या पुस्तकावर ओरखडा दिसला की आपण शंभर येन कमी करून मागतो. बाजार असाच असतो.

पायरी ६: पैसे, वजन, पार्सल

किती द्यायचं हे ठरवायला विक्रीला लावलेले भाव बघू नका, झालेल्या विक्रीचे बघा. एकाच पुस्तकाच्या तीन पूर्ण झालेल्या विक्री काढा आणि प्रत्येकीशेजारी ओबी, वेष्टण आणि छपाई लिहा. मधला भाव तुमची कमाल मर्यादा.

बरेच जपानी विक्रेते परदेशी पाठवत नाहीत, तेव्हा मध्यस्थ सेवा लागते. ती जपानमधल्या गोदामात पुस्तक घेते आणि पुढे पाठवते. एकूण खर्चात पाच बाबी असतात: पुस्तकाची किंमत, मध्यस्थाचं शुल्क, जपानमधला टपालखर्च, भारतापर्यंतचा खर्च आणि इथलं सीमाशुल्क. पहिल्या दोनांवरच हिशेब करून उडी मारणाऱ्याला शेवटच्या दोनांनी घाम फुटतो. तीन-चार पुस्तकं गोदामात जमवून एकत्र मागवली तर प्रत्येकाचा वाटा उतरतो.

खासगी कुरिअरमध्ये आकारमानाचं वजन धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५००० ने भागतात. समजा पुस्तक १.४ किलोचं आहे आणि खोकं ४० × ३२ × १० चं. गुणाकार १२,८००, भागून आलं २.५६. म्हणजे पैसे अडीच किलोंहून जास्तीचे. जपान पोस्टच्या ईएमएस या जलद टपालसेवेत प्रत्यक्ष वजन धरतात, त्यामुळे मोठ्या पण हलक्या पुस्तकांना ते सोयीचं पडतं.

जाहीरनाम्यावर 'फोटोग्राफ्स' लिहू देऊ नका. बांधणी केलेलं छापील पुस्तक सीमाशुल्काच्या ४९०१ या शीर्षात येतं, सुटी छायाचित्रं ४९११ मध्ये जातात. मध्यस्थाला आधीच सांगा की 'मुद्रित पुस्तक' असं लिही, सोबत शीर्षक, वर्ष आणि खरी किंमत. किंमत कमी लिहून शुल्क वाचवण्याची युक्ती करणाऱ्याला पार्सल हरवलं की विम्याचे पैसेही तेवढेच कमी मिळतात. कुरिअर कंपनी ओळखपत्राची प्रत मागते, ती तयार ठेवा, नाहीतर पार्सल विमानतळावरच दमट हवेत पडून राहतं.

बांधणीबद्दलही लेखी सूचना द्या: पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये सीलबंद, मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा दोन सेंटिमीटर मोठे कडक पुठ्ठे, मग बबल-रॅप, आणि खोक्यात चहूबाजूंनी किमान चार-पाच सेंटिमीटर भरण. चिकटपट्टी ओबीला किंवा वेष्टणाला लागता कामा नये. पार्सलमधलं बहुतेक नुकसान कोपऱ्यांना होतं आणि ते मोठ्या पुठ्ठ्यानेच वाचतं.

पायरी ७: पार्सल आल्यावर

सील उघडण्याआधी खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा आणि उघडतानाचा व्हिडिओ ठेवा. नुकसानीचा दावा याशिवाय चालत नाही. एसी खोलीत पार्सल उघडू नका. गरम, दमट हवेतून आलेलं पुस्तक सीलबंद असतानाच चोवीस तास खोलीत राहू द्या, मग उघडा.

नंतर पानं मोजा, उगाच चाळू नका. जपानी पुस्तकांत काही वेळा सुटी पत्रिका, निबंधाची घडी किंवा प्रकाशकाचं वाचक-कार्ड आत असतं. ते जिथे सापडलं तिथेच आम्लरहित कागदात ठेवा, कारण प्रत 'पूर्ण' आहे की नाही हे त्यावर ठरतं. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून पुस्तक हाताळा. सुती हातमोज्यांनी पानाची कड पकडता येत नाही आणि तीच फाटते.

पायरी ८: ठेवणं, आणि आपला पावसाळा

जपानमध्ये चाळीस वर्षं नीट राहिलेलं पुस्तक कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत एका श्रावणात बिघडू शकतं. पावसाळ्यात बंद खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि ६५ च्या वर बुरशीला मोकळं रान मिळतं. पुस्तकाला ४० ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. काहीशे रुपयांचं डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवा. अंदाजाने हे काम होत नाही.

रंगीत छायाचित्र-पुस्तकं बहुतेक लेपन केलेल्या गुळगुळीत कागदावर असतात. हा कागद भिजून तसाच वाळला तर लेप गोंदासारखा चिकटतो आणि पानं एकमेकांना कायमची धरतात. नंतर कुणीही ती सोडवू शकत नाही. पाणी गेलंच तर पहिल्या काही तासांत दर दोन-तीन पानांमध्ये टिपकागद सारून पंख्याखाली उभं करा, उन्हात नाही. इतकं जमणार नसेल तर पुस्तक पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये टाका आणि संवर्धकाला गाठा. गोठलेलं पुस्तक थांबू शकतं, ओलं थांबत नाही.

साधी व्यवस्था अशी: घट्ट झाकणाची साठेक लिटरची प्लास्टिक पेटी, तळाशी पाव ते अर्धा किलो रंग बदलणारी सिलिका जेल जाळीच्या पिशवीत, पुस्तकाला न टेकता. रंग बदलला की जेल १०० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास तापवून पुन्हा वापरा. आर्द्रता ३५ च्या खाली गेली तर जेल कमी करा, नाहीतर पुठ्ठे वाकतात. बाजारात पाणी शोषून घेणारे जे डबे मिळतात त्यांत खारं पाणी साठतं. तो डबा कलंडला की पुस्तक गेलं, म्हणून तो पुस्तकांच्या पेटीत नको.

वेष्टणाला पारदर्शक पॉलिएस्टरचं आवरण घाला. वह्यांना घालतात ते पीव्हीसीचं प्लास्टिक काही वर्षांत चिकट होतं आणि शाई उचलतं. कडुनिंबाचा पाला पानांत ठेवला तर त्याचे डाग पडतात. डांबरगोळ्यांचा वास कागदात वर्षानुवर्षं बसतो आणि तसली प्रत पुढे विकली जात नाही. कसर लागल्याचा संशय असेल तर पुस्तक दोन पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, कारण थंड कागदावर लगेच दव धरतं.

मध्यम आकाराची पुस्तकं उभी ठेवा, पण इतकी दाटून नको की ओढताना कण्याची वरची कड फाटेल. मोठी, जड पुस्तकं आडवी, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाहीत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच सेंटिमीटर पुढे ओढा, पावसाळ्यात ती भिंत आतून ओलावते. ऑक्टोबरची उघडीप मिळाली की प्रत्येक पुस्तक एकदा काढून सावलीत उघडा आणि चाळा. डाग, वास आणि कसर वेळीच सापडतात, आणि ओकुझुकेच्या पानाचा नवा फोटो काढून खरेदीच्या पावतीसोबत ठेवताही येतो.